कँटोनीज शिकताना : 'मन लावून', 'जीव तोडून', 'शर्थीने' यांना काय म्हणायचं?

समुद्रकाठची (धागालेखिका)

नमस्कार मंडळी. आम्ही तीन वर्षांपासून हाँगकाँगमध्ये तुंग चुंगला राहतो. लेक इथल्या स्थानिक शाळेत दुसरीत आहे, तिला कँटोनीज, म्हणजे इथे बोलली जाणारी चिनी भाषा, चांगली येते. मी मात्र गेल्या वर्षापासून नेटाने शिकायला लागले. भाजीबाजार, बस, लिफ्टमधल्या गप्पा एवढं आता जमतं. पण परवा एका ठिकाणी अडले आणि तेव्हापासून तोच विचार डोक्यात घोळतोय, म्हणून हा धागा.

आमच्या शेजारी एक आजी राहतात. इथे वयस्कर बायकांना 'फॉ-फॉ' म्हणतात, आम्हीही तसंच म्हणतो. मी कामावरून येईपर्यंत दुपारी लेकीला त्याच सांभाळतात. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर व्यायाम करताना त्यांना फार दुखत होतं. मला म्हणायचं होतं, "जमेल तेवढं करा, नेटाने करा, होईल सगळं नीट." माझ्या तोंडून निघालं, "नोउ५ लिक्६ ला१!" शब्दकोशात याचा अर्थ 'प्रयत्न करा, मेहनत घ्या' असा आहे. चुकीचं काही बोलले नव्हते. आजी क्षणभर गप्प झाल्या, मग हळूच म्हणाल्या, "हे मास्तरीण मुलांना म्हणते गं."

तेव्हापासून मी वहीत 'प्रयत्न' या घरातले शब्द गोळा करतेय. बारा-पंधरा झालेत. मराठीत जसं 'मन लावून कर', 'जीव तोडून कर', 'शर्थ केली', 'रेटून नेलं' हे एकाच्या जागी दुसरं चालत नाही, तसंच इथेही आहे. कुठला शब्द कोणाला, हे मला समजून घ्यायचंय.

लिहिण्याबद्दल : मी कँटोनीज शब्द देवनागरीत लिहिते आणि पुढे सुराचा आकडा देते, कारण या भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो. १९९३ साली हाँगकाँगच्या भाषाशास्त्र मंडळाने 'युतफिङ' नावाची रोमन पद्धत काढली, आकडे तिच्यातलेच. अक्षरं मात्र माझ्या कानाप्रमाणे. रोमनमध्ये जिथे 'जी', 'डी', 'बी' लिहितात तिथे मला क, त, प ऐकू येतात आणि 'के', 'टी', 'पी'च्या जागी ख, थ, फ. च हा 'चांगला'तला. 'फ़ोन'मधला उच्चार नुक्त्याने दाखवतेय. ॉ जिथे आहे तिथे कधी कधी ओठ आणखी गोल करावे लागतात, ते देवनागरीत नेमकं दाखवता येत नाही.

सुरुवात सगळ्यांना माहीत असलेल्या शब्दाने करते : का१ यउ४. शब्दशः 'तेल घाल'. परीक्षा, मॅच, ड्रॅगन बोटींची शर्यत, आजारपण, सगळीकडे चालतो.

---

रानजाई

वाचतेय. 'तेल घाल' म्हटल्यावर मला आधी 'आगीत तेल' आठवलं, आणि मग 'डोळ्यांत तेल घालून'. आपल्याकडे तेल जागं राहण्यासाठी, त्यांच्याकडे पुढे जाण्यासाठी. छान धागा.

---

स्नेहल_रिचमंड

व्हँकुव्हरजवळच्या रिचमंडहून. इथे दुकानातल्या पाट्यांपासून दवाखान्यापर्यंत कँटोनीज कानावर पडते. २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशाने 'अ‍ॅड ऑइल' हा शब्दप्रयोग घेतला, तेव्हा माझ्या कँटोनीज मैत्रिणीने ऑफिसात सगळ्यांना फिरून सांगितलं होतं. त्यांची शब्दशः भाषांतर केलेली, पूर्वी चुकीची म्हणून हिणवली गेलेली इंग्रजी अधिकृत ठरली याचा तिला खरा अभिमान होता.

एक बारीक गोष्ट. पेट्रोल भरायला मँडरिनमध्ये, म्हणजे चीनच्या प्रमाण भाषेत, हाच शब्द आहे, पण हाँगकाँगचे लोक पंपावर 'यप्६ यउ४' म्हणतात, म्हणजे तेल 'आत घालणं'. त्यामुळे त्यांच्या कानाला 'का यउ' हा मुख्यतः धीर देण्याचाच शब्द आहे, गाडी मध्ये येत नाही.

---

अनुस्वार

धागालेखिकाताई, तुमची देवनागरीची पद्धत अगदी योग्य आहे. इंग्रजीतून शिकणारा माणूस 'गा याउ' म्हणतो, कारण त्याला महाप्राण नसलेला क आणि ग यांतला फरक ऐकूच येत नाही. कँटोनीजमध्ये क-ख, त-थ, प-फ हे जोड आहेत. ग, द, ब नाहीत. आपल्याला हा फरक बालवाडीत मिळालाय.

दुसरी देणगी : आपला दंततालव्य च. 'चांगला', 'चाक', 'चमचा' यांतला च म्हणजे जवळजवळ जसाच्या तसा त्यांचा उच्चार. हिंदी भाषकाला हाच च मुद्दाम शिकावा लागेल.

तिसरी : अ आणि आ. 'सम१' म्हणजे हृदय, मन. 'साम१' म्हणजे तीन. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की मनाचे तीन होतात. आणि शब्दाच्या शेवटचे क्, त्, प् हे खरे हलन्त आहेत, तोंड बंद करून तिथेच थांबायचं, हवा सोडायची नाही. 'लिक्' म्हणजे बळ, शक्ती. 'लिक' किंवा 'लिका' नव्हे, 'वाक्' म्हणतो तसं.

आता मुद्द्याकडे. या सगळ्या शब्दांत 'लिक्६' फिरतोय, ते आधी एकत्र बघू.

'नोउ५ लिक्६' हा पुस्तकी, शाळेच्या फळ्यावरचा शब्द. मँडरिनमध्येही आहे. आजींना तो मास्तरणीचा वाटला, यात नवल नाही.

'खन४ लिक्६' म्हणजे कष्टाळू, अभ्यासू. हा स्वभाव सांगतो. 'ही मुलगी खन लिक् आहे.' बोलीतला, घरगुती, प्रेमाचा शब्द.

'लॉक्६ लिक्६' म्हणजे जोर लावून, अंग झाडून. शब्दशः 'बळ खाली टाकणं'. ढोलवाला, स्वयंपाकी, गोलकीपर यांच्यासाठी.

'चॉन६ लिक्६' म्हणजे आहे तेवढं बळ संपवून. यातला 'चॉन' हा शेवट गाठणं, रितं करणं. आणि याचं लांब रूप 'चॉन लिक् यी वइ', म्हणजे 'बळ संपेपर्यंत करीन'. डॉक्टर, वकील, कंत्राटदार हे म्हणतात. आपल्या 'पराकाष्ठा'चा अर्थही शेवटची हद्द असाच आहे ना? प्रयत्नांची पराकाष्ठा म्हणजे जिथे बळ संपतं ती रेघ. दोन भाषांना एकमेकींची ओळख नसताना चित्र तेच आहे.

---

समुद्रकाठची

अनुस्वार, फार फार धन्यवाद. 'लॉक् लिक्' मी ऐकलाय पण 'चॉन लिक्'पेक्षा वेगळा कसा ते कळत नव्हतं. एक जोर सांगतो, दुसरा तळ गाठणं.

---

अनुस्वार

बरोबर. आणि तुमच्या शीर्षकातल्या शब्दांबद्दल थोडं अवांतर, कारण त्याचा पुढे उपयोग आहे. 'शर्थ' हा अरबी 'शर्त'वरून आला. अट, पैज. शर्यतही त्याच घरातली. 'शिकस्त' फारसी, तिथे त्याचा अर्थ मोडणं, पराभव. आपण मात्र 'प्रयत्नांची शिकस्त केली' म्हणतो, म्हणजे मोडेपर्यंत केलं.

आता कँटोनीजचा 'पॉक्३' घ्या. झुंजणं, पणाला लावणं. याच उच्चाराचा दुसरा शब्द जुगाराच्या शब्दात आहे, आणि लिहिताना लोक दोन्ही अक्षरं सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. 'पॉक्३ मेङ६' म्हणजे जीव पणाला लावणं, जीव तोडून काम करणं. शर्थ म्हणजे पैज, पॉक् म्हणजेही पैज. 'शर्थीने लढला' याला मी डोळे मिटून 'पॉक् मेङ' म्हणेन.

---

क्वालालंपूरकर

इथे मलेशियात, क्वालालंपूरला कँटोनीज रस्त्यावर चालते. हॉकिएन किंवा हाक्का या दुसऱ्या चिनी बोलींच्या घरातले लोकही ती बोलतात, बरेचसे हाँगकाँगच्या टीव्ही मालिका बघून पक्के झालेले. माझ्या ऑफिसात 'पॉक् मेङ' रोज ऐकतो, पण कौतुकच असेल असं नाही. 'इतका पॉक् मेङ कशाला करतोस?' म्हणजे 'कशाला मर मर मरतोस?' आपलं 'मरमर' जसं दोन्हीकडे झुकतं तसं.

आणि एक यमक आहे, तरुण मुलं नेहमी म्हणतात : 'पॉक् यत् पॉक्, तान छे पिन मॉ थॉक्'. एकदा पणाला लावून बघ, सायकलची मोटरसायकल होईल. शेवटचे दोन्ही 'ऑक्' मस्त जुळतात.

---

रानजाई

हे पाठच केलं.

---

अनुस्वार

क्वालालंपूरकरांच्या उदाहरणातल्या 'मेङ'वर आणखी थोडं लिहितो, कारण मला या भाषेतलं सर्वांत आवडलेलं काही असेल तर ते हे आहे.

'जीव' आणि 'नियती' या दोन्हींना चिनी लिपीत एकच अक्षर आहे. कँटोनीजमध्ये त्याचे दोन उच्चार टिकले, एक बोलीतला, एक ग्रंथातला. बोलीत 'मेङ६', ग्रंथात 'मिङ६'. तुम्ही पणाला लावता तो 'मेङ', तुमचा स्वतःचा. वरून ठरवून आलेला असतो तो 'मिङ'.

एक जुनं वचन आहे : 'चॉन६ यन४ सी६, थिङ थिन मिङ'. माणसाच्या हातातलं सगळं करून संपव, मग आभाळाचं म्हणणं ऐक. बोलताना लोक पहिला अर्धाच म्हणतात. 'चॉन यन सी', एवढंच. आयसीयूच्या बाहेर, कोर्टाच्या पायऱ्यांवर, निकालाच्या आदल्या रात्री. दुसरा अर्धा न बोलता कळतो. इथे तोच 'चॉन' आहे, बळ संपवण्यातला. आणि शेवटी 'मिङ', 'मेङ' नाही. म्हणजे एकच अक्षर, पण आपल्या मुठीत असतं तेव्हा एक स्वर आणि मुठीबाहेर गेलं की दुसरा.

आपल्या 'प्रयत्नांती परमेश्वर'शी याची तुलना होते, पण मला एक फरक जाणवतो. आपल्या म्हणीत प्रयत्नाच्या टोकाला परमेश्वर भेटतो. त्यांच्या वचनात टोकाला आभाळ काय म्हणतंय ते ऐकावं लागतं, आणि ते नाहीसुद्धा म्हणू शकतं.

---

गिरणगाव

अनुस्वार साहेब, हा प्रतिसाद दोनदा वाचला. वडिलांच्या शेवटच्या आठवड्यात डॉक्टर रोज आम्हाला जे सांगत होते ते 'चॉन यन सी'च होतं. मराठीत त्यांना चार वाक्यं लागायची.

---

हार्मोनियम

मी मुलांना गाणं शिकवतो, कँटोनीज येत नाही. तुमचे आकडे बघून कुतूहल वाटलं म्हणून दोन दिवस आकडेवार ध्वनिफिती ऐकल्या. मला जे ऐकू आलं ते लिहितो, चूक असेल तर सांगा.

१, ३ आणि ६ हे तिन्ही सपाट. वरचा, मधला, खालचा. जसे एकाच सप्तकातले तीन थांबलेले स्वर. २ आणि ५ चढतात, २ वर जाऊन पोहोचतो, ५ खालून निघून मध्येच राहतो. ४ खाली बुडतो, तंबोऱ्याच्या खर्जासारखा. चढणारे दोन मला मींडीसारखे वाटले. आकडे पाठ करण्यापेक्षा पेटीवर तीन पट्ट्या धरून 'सी सी सी' म्हणत राहिलं तर सोपं जाईल.

---

अनुस्वार

अगदी बरोबर ऐकलंत. 'सी'चंच उदाहरण पूर्ण करतो : सी१ कविता, सी२ इतिहास, सी३ प्रयत्न करून बघणं, सी४ वेळ, सी५ बाजार, सी६ गोष्ट, काम. 'चॉन यन सी'मधला तो सी६. आणि सी३ हा 'करून बघणं' आणि 'परीक्षा' दोन्हींचा शब्द.

---

स्नेहल_रिचमंड

सुरावरून एक धोक्याची सूचना. 'साइ३' म्हणजे 'सगळं, पूर्ण'. 'साइ१' म्हणजे 'वाया घालवणं'. हे दोन्ही या धाग्याच्या विषयातले आहेत. 'सन१ फ़ू२ साइ३' हे वाक्य ज्याने तुमच्यासाठी कष्ट घेतले त्याला म्हणायचं. सफाई करणारी बाई, घरी पार्सल आणणारा, रात्रपाळीची नर्स. शब्दशः 'सगळे कष्ट'. म्हणजे तुमच्यावर पडलेले सगळे कष्ट मला दिसतायत. आणि 'साइ१ सम१ केइ१' म्हणजे घेतलेली मेहनत फुकट गेली. उंच सपाट की मधला सपाट, एवढाच फरक.

'सन फ़ू साइ'ला मराठीत नेमकं काय म्हणाल? मी बराच विचार केला. 'धन्यवाद' नाही. माझी आजी दळण घेऊन येणाऱ्या मुलाला म्हणायची, "दमलास रे बाबा." ते सर्वांत जवळचं वाटतं.

---

वेंगुर्लेकर

आमच्याकडे "वाईच बस, दमलस" म्हणतत. अगदी तसाच.

---

समुद्रकाठची

स्नेहल, 'दमलास रे बाबा' वाचून डोळे भरून आले. आमच्या इमारतीचे रखवालदार काका रात्री बारा तास बसतात. उद्यापासून त्यांना हेच, आणि साइ३ नीट मधल्या सुरात.

तू 'सम केइ' आणलंस म्हणून माझ्या वहीतला सर्वांत लाडका शब्द सांगते. 'पेइ२ सम१ केइ१'. पेइ म्हणजे देणं. सम म्हणजे मन. केइ म्हणजे यंत्र, कळ, संधीसुद्धा. मिळून 'मन दे, मन लाव'. 'पेइ सम केइ तुक्६ स्यू१' म्हणजे मन लावून अभ्यास कर. आणि मूड नसला, कशात लक्ष लागत नसलं की 'मोउ५ सम१ केइ१', म्हणजे सम केइ नाही. मराठीत 'मन लाव' आणि 'मन लागत नाही' ही जोडी आहे तशीच ही जोडी. मी ही न शिकताच वापरायला लागले, कारण मराठीचाच साचा होता.

हेच दोन शब्द मँडरिनमध्ये मात्र डावपेच, आतल्या गाठीचा स्वभाव दाखवतात, असं माझ्या शिक्षिका सांगतात. त्यामुळे मँडरिन बोलणाऱ्यांसमोर जपून.

आणि शाळेतल्या वहीत हा शब्द कधी दिसणार नाही. लेकीच्या बाई वर्गात तोंडाने 'पेइ सम केइ' म्हणतात, वहीत लाल शाईने लिहितात ते 'नोउ लिक्'च्या जातीचं. बोलायची भाषा वेगळी, लिहायची वेगळी. लेक सहा वर्षांची असल्यापासून हे दोन कप्पे मनात ठेवते. मी शब्दकोशातून शिकले म्हणून माझ्याकडे आधी लिहायचा शब्द आला आणि तोच आजींना म्हणून बसले. आता कारण कळलं.

---

नाना_वाडा

चांगली चर्चा चालली आहे. एक शंका. 'नोउ लिक्' की 'लोउ लिक्'? आमच्या सूनबाईंची हाँगकाँगची मैत्रीण स्पष्ट ल म्हणत होती.

---

अनुस्वार

नाना, दोन्ही ऐकू येतं. सुरुवातीचा न आता बहुतेक लोक ल म्हणतात, 'नेइ५' म्हणजे 'तू' याचाही 'लेइ५' होतो. तसाच सुरुवातीचा ङ गळतो. 'ङॉ५' म्हणजे 'मी', तरुण पिढी नुसतं 'ऑ५' म्हणते. वर्णमालेत आपण ङ शिकतो पण त्याने सुरू होणारा शब्द आपल्याकडे नाही, म्हणून तो म्हणायला गंमत येते. 'वाङ्मय'मधला ङ आधी म्हणा आणि 'वा' काढून टाका.

या बदललेल्या उच्चारांना तिथे 'लान५ यम१' म्हणतात, म्हणजे आळशी उच्चार. मला हे नाव मनापासून पटत नाही. पाणी-पानी वरून आपल्याकडे माणसाची पारख होते, तीच ही गोष्ट. ज्याच्या आईने 'लेइ' म्हटलं तो 'लेइ' म्हणणार. त्यात आळस कुठे आला? कारखान्यात बारा तास उभं राहणारी बाईही 'लेइ' म्हणते.

---

नाना_वाडा

पटलं. आभारी आहे.

---

वेंगुर्लेकर

मी समुद्रातला माणूस, माझ्या कामाची म्हण मिळेल का? बोटीवर हाँगकाँगचा एक कुक होता, सुक्या माशाचं काहीतरी म्हणायचा.

---

समुद्रकाठची

मिळेल! 'सिक्६ तक्१ हाम४ यू२, तइ२ तक्१ हॉत्३'. खारा मासा खायचा तर तहान सोसायची. स्वतः पत्करलं ना, मग त्याच्याबरोबर येतं तेही सोस. कुरकुर करणाऱ्याला म्हणतात, पण लोक स्वतःबद्दलही म्हणतात, आणि तेव्हा ऐकायला फार धीराचं वाटतं. माझ्या वर्गातला एक मुलगा रात्रपाळी करून सकाळी शिकायला यायचा, तो स्वतःबद्दल हेच म्हणायचा.

---

वेंगुर्लेकर

हाच तो! सुको बांगडो खाल्ल्यार पाणी पिऊचाच लागता.

---

स्नेहल_रिचमंड

जगाला माहीत असलेला एक शब्द राहिलाच. कुङ१ फ़ू१. मारामारी नंतर आली. मूळ अर्थ एखाद्या गोष्टीत घातलेला वेळ आणि श्रम, आणि त्यातून हातात आलेलं कसब. घरगुती बोलण्यात अजून तसाच चालतो. माझी मैत्रीण तारो कंदाची वडी करते. किसून, वाफवून, थंड करून, कापून, परत तळून. विचारलं तर म्हणते, "हौस आहे, पण फार कुङ फ़ू लागतं." आपलं 'फार खटपटीचं काम'. आपल्या अळुवडीलाही तेवढंच कुङ फ़ू लागतं.

याच जातीची म्हण : 'कुङ१ तॉ१ ङइ६ सुक्६'. काम भरपूर, कला पिकते. 'सुक्' म्हणजे पिकलेलं, शिजलेलं, आणि ओळखीचं झालेलं माणूससुद्धा. हात बसणं म्हणतो आपण, ते पिकणं म्हणतात.

---

अनुस्वार

या धाग्यासाठी व्याकरणातला एक मुद्दा मांडायलाच हवा. प्रयत्न आणि फळ या दोन गोष्टी कँटोनीज क्रियापदातच वेगळ्या ठेवते.

'वन२' म्हणजे शोधणं. 'वन२ तोउ२' म्हणजे सापडणं. 'वन म तोउ' म्हणजे शोधलं पण सापडलं नाही. 'थइ२' बघणं, 'थइ तोउ' दिसणं. 'थेङ१' ऐकणं, 'थेङ तोउ' ऐकू येणं. 'चोउ६' करणं, 'चोउ तोउ' करता येणं, जमणं. मधे 'म४' घातला की 'नाही जमलं', आणि 'तक्१' घातला की 'जमू शकेल'. 'चोउ म साइ' म्हणजे करतोय पण सगळं उरकत नाही. तो साइ३ पुन्हा आला.

आपल्याकडे शोधणं-सापडणं, बघणं-दिसणं, करणं-जमणं असे वेगवेगळे शब्द आहेत. तिथे एकच क्रियापद, आणि फळ मागून जोडायचं. म्हणून 'मी केलं' म्हटलं तर फक्त हात चालवले एवढंच कळतं. कोणी कँटोनीज माणूस नुसतं 'चोउ' म्हणून थांबला तर त्याने यशाचा दावा केलेला नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने पहिल्या वर्षी 'वन' शिकून 'किल्ली मिळाली' म्हणून सांगितलं आणि घरमालकीण अर्धा तास त्याच्याबरोबर किल्ली शोधत राहिली.

---

हार्मोनियम

'रियाज केला' आणि 'गळ्यात बसलं' यात जे अंतर आहे ते क्रियापदातच आहे म्हणायचं. माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार.

---

गिरणगाव

समुद्रकाठचीताई, तुमच्या फॉ-फॉंच्या पिढीबद्दल थोडं लिहा ना. त्या लोकांचे कष्टाचे शब्द काय होते?

---

समुद्रकाठची

हे मी आजींनाच विचारलं. रविवारी दुपारी त्यांच्याकडे बसले होते, लेक दुभाषी.

त्या सत्तरीच्या पुढच्या. लहानपण कौलूनला, शेक किप मेईच्या वस्तीत. १९५३ च्या नाताळच्या रात्री तिथल्या झोपडपट्टीला आग लागली आणि पन्नास हजारांहून जास्त माणसं उघड्यावर आली. त्यानंतर सरकारने जी पुनर्वसनाची घरं बांधायला सुरुवात केली त्यातल्या एका खोलीत त्या वाढल्या. पाण्याचे नळ आणि संडास मजल्यावर सामाईक. साठच्या दशकात घराघरात प्लास्टिकची फुलं जोडायचं काम यायचं. शाळेतून आल्यावर त्या आणि भावंडं देठांत पाकळ्या ओवत बसायची, गठ्ठ्यावर पैसे मिळायचे.

खिडकीतून डोंगर दिसायचा. ४९५ मीटरचा सिंहाच्या आकाराचा खडक, लायन रॉक. सत्तरच्या दशकात सरकारी प्रसारण संस्थेने त्या डोंगराच्या पायथ्याच्या गरीब माणसांची टीव्ही मालिका काढली, आणि पुढे हाँगकाँगमध्ये 'लायन रॉकची वृत्ती' म्हणजे न हरता कष्ट करणं असं झालं. पुढाऱ्यांनी ते भाषणांत वापरलं. तरुण मुलं आता विचारतात की आम्ही कितीही राबलो तरी घर परवडत नाही, मग ही वृत्ती घेऊन काय करायचं. तोही प्रश्न खरा आहे. आजी त्यावर काही बोलल्या नाहीत, फुलं कशी ओवायची ते मात्र हाताने करून दाखवलं. साठ वर्षांनी बोटं तशीच चालली.

त्यांचे शब्द : 'ङाइ४', म्हणजे सोसणं, तग धरणं, कष्टात दिवस काढणं. जागरण करणं हेही 'रात्र ङाइ करणं'च. 'वन२ सिक्६', म्हणजे अन्न शोधणं, आपलं पोटापाण्याचं बघणं. नोकरीधंद्याला अजून सगळे हेच म्हणतात, बँकेतला साहेबसुद्धा. आणि 'तिङ२ ङाङ६ सॉङ५'. तिङ म्हणजे डोक्यावर, अंगावर भार पेलणं. ङाङ म्हणजे कडक, ताठ. सॉङ म्हणजे वर चढणं. पाठीवर ओझं आहे, जागा नाही, तरी पेलून वर चढ. दुसरा मार्ग नसतो तेव्हाचा शब्द. हा दुसऱ्याला म्हणायचा नसतो, असं आजी म्हणाल्या. स्वतःला म्हणायचा, किंवा 'आपण' म्हणून.

---

गिरणगाव

आमची आई चाळीत पापड लाटायची, गठ्ठ्यावर पैसे. 'रेटायचं' म्हणायची. 'रेट' असं आम्हाला कधी म्हणाली नाही, 'रेटू या' म्हणायची.

---

क्वालालंपूरकर

तिङ ङाङ सॉङ ऐकलं होतं, पण कोणी कोणाला म्हणायचं ते आज कळलं. माझ्याकडून एक छोटी भर : अगदी शेवटचा जोर लावला हे सांगायला 'सिक् नाइ के लिक्'. बाळपणी दूध ओढताना लावलेलं बळसुद्धा काढलं. आणि त्याहून ठेवणीतला शब्द म्हणजे 'कउ२ ङउ४ यी६ फ़ू२', नऊ बैल आणि दोन वाघ यांचं बळ. फ्लॅटच्या जिन्यातून कपाट नेलं त्या दिवशी दोन्ही ऐकले.

---

रानजाई

आणि मी चाळिशीत भाषा शिकायला घेतली तर? मला आता शिकावंसं वाटायला लागलंय.

---

स्नेहल_रिचमंड

रानजाई, तुझ्यासाठीच आहे ही : 'यउ५ सम१ म४ फा३ छी४'. मन असेल तर उशिराची भीती नाही. पूर्ण म्हण पुढे सांगते की दहाव्या महिन्यातसुद्धा नव्या वर्षाच्या शुभेच्छा द्यायला हरकत नाही. माझी मैत्रीण मला दिवाळीच्या शुभेच्छा जानेवारीत देते तेव्हा हीच म्हणते.

---

समुद्रकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. वहीची बारा पानं भरली. आज संध्याकाळचं सांगते.

आजी वॉकर घेऊन पहिल्यांदा दारापासून लिफ्टपर्यंत आल्या. मी बाजूने चालत होते. या वेळी 'नोउ लिक्' नाही, 'का यउ'सुद्धा नाही, कारण तो मॅचमध्ये ओरडल्यासारखा वाटला असता. मी म्हटलं, "मान मान लइ, म सइ कप्." सावकाश या, घाई नाही. दुसऱ्या 'मान'चा सूर वर न्यायचा असतो, तो नेला. आजी थांबल्या, भिंतीला हात टेकला आणि म्हणाल्या, "तिङ ङाङ सॉङ." स्वतःलाच. मग पुढची पावलं टाकली.

लिफ्टपाशी पोहोचल्यावर त्यांनी लेकीला विचारलं, 'मान मान लइ'ला तुमच्या भाषेत काय म्हणतात? ती म्हणाली, "हळूहळू." आजींचा पुढचा प्रश्न होता, "कितव्या सुरात?" लेकीने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, आमच्याकडे सूर नसतात, कसंही म्हणा. आजींना ते पटलेलं दिसलं नाही. परत जाताना दर पावलाला त्या 'हळू हळू' म्हणत होत्या, चारही अक्षरं उंच सपाट पहिल्या सुरात, आणि लेक मागून तसंच म्हणत होती.